महाविद्यालयाच्या अंकात, भित्तिपत्रकात आणि रेडिओत शिरायचं कसं? पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी

फीच्या पावतीवर 'नियतकालिक शुल्क' किंवा 'मॅगझिन फी' अशी एक ओळ बहुतेक महाविद्यालयांत असते. रक्कम लहान असते, त्यामुळे तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मीही पहिल्या वर्षी ती भरली आणि विसरून गेले. मार्चमध्ये वार्षिकांक हातात आला तेव्हा त्यात माझ्याच वर्गातल्या दोघींच्या कविता दिसल्या. यांना कोणी विचारलं, मला का नाही विचारलं, असं बरंच काही मनात आलं. नंतर कळलं, की त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. त्या ऑगस्टमध्येच मराठी विभागात जाऊन कविता देऊन आल्या होत्या.

मी सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातून पुण्यात बी.ए.ला आले. पुढची दोन वर्षं भित्तिपत्रक आणि वार्षिकांक केला, एम.ए.च्या काळात कॅम्पस रेडिओवर काम केलं. तिथे चुकतमाकत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या कामात शिरायला फार चांगलं लिहिता यावं लागत नाही. घेतलेलं काम ठरलेल्या दिवशी पुरं करून देणारं माणूस लागतं, आणि असं माणूस दरवर्षी कमी पडतं.

१. आपल्या आवारात काय काय चालतं ते आधी शोधा

सूचनाफलकावर सगळं लागत नाही. स्वतः फिरून विचारावं लागतं. साधारणपणे पुढच्या चार-पाच गोष्टींपैकी दोन-तीन तरी प्रत्येक ठिकाणी असतात.

भित्तिपत्रक: मराठी, इतिहास, विज्ञान असे विभाग आपापलं काढतात. काचेच्या पेटीत किंवा जिन्याजवळच्या बोर्डावर ते लागलेलं असतं. मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे २७ फेब्रुवारी, जवळ आला की बऱ्याच ठिकाणी ते हमखास निघतं. नवख्यासाठी याहून सोपी जागा नाही.

वार्षिकांक: छापील नियतकालिक. त्याला प्राध्यापक संपादक असतात आणि विद्यार्थ्यांचं संपादक मंडळ असतं. काही विद्यापीठं आपल्या संलग्न महाविद्यालयांच्या अंकांची स्पर्धाही घेतात, त्यामुळे चांगल्या अंकाकडे प्राचार्यांचंही लक्ष असतं.

प्रायोगिक वृत्तपत्र: पत्रकारितेचा अभ्यासक्रम असेल तिथे विद्यार्थ्यांकडून सरावासाठी ते काढून घेतात. बाहेरच्या विभागातल्या मुलांचा मजकूर ते घेतात का, हे विचारायला लाजू नका. बऱ्याचदा घेतात.

रेडिओ: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं 'विद्यावाणी' १०७.४ एफएमवर आणि मुंबई विद्यापीठाचं 'मस्ट रेडिओ' १०७.८ एफएमवर ऐकू येतं. ही कम्युनिटी रेडिओ केंद्रं आहेत. त्यांचं प्रक्षेपण जवळच्या परिसरापुरतंच असतं आणि त्यांना आवाज, लेखन, संकलन अशा कामांसाठी विद्यार्थी लागतात.

याशिवाय मुलांनी स्वतः चालवलेली इन्स्टाग्राम पानं, यूट्यूब वाहिन्या आणि पॉडकास्ट आहेत. त्यांना परवानगी लागत नाही असं वाटतं, पण महाविद्यालयाचं नाव किंवा बोधचिन्ह वापरलं की लागते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

विचारायचं कोणाला? मराठी विभागप्रमुख, ग्रंथपाल, विद्यार्थी विकास अधिकारी, आणि मागच्या वर्षीच्या अंकात संपादक म्हणून ज्यांची नावं छापली आहेत ते सीनियर. ग्रंथालयातल्या काकांना विसरू नका. अंक कधी निघतो, कोणाच्या हातून निघतो आणि कुठे अडतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

२. जुने पाच अंक घेऊन ग्रंथालयात बसा

ही पायरी सगळे टाळतात. दोन दुपारी लागतात, पण त्यांचा उपयोग तीन वर्षं होतो.

आधी अनुक्रमणिका बघा. कविता किती, प्रवासवर्णनं किती, मुलाखती किती. मी बसले तेव्हा पाच अंकांत मिळून कविता शंभराच्या वर होत्या आणि मुलाखती फक्त तीन. त्यातल्या दोन पाहुण्यांच्या. आपल्याच आवारातल्या माणसाची एकच होती. मग मला कळलं, की कवितांच्या गठ्ठ्यात आणखी एक कविता टाकण्यापेक्षा मुलाखत घेऊन गेलं तर जागा मिळेल. तुमच्याकडे रिकामी जागा वेगळी असेल. ती शोधा.

मग पहिलं किंवा शेवटचं पान बघा. 'फॉर्म नं. ४, नियम ८' असं निवेदन अनेक जुन्या अंकांत असतं: प्रकाशनस्थळ, कालावधी, मुद्रक, प्रकाशक, संपादक. त्याच्याजवळच 'या अंकातील मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही' ही ओळ असते. या पानावरून अंकाची जबाबदारी कायद्याने कोणावर आहे ते कळतं. पुढे एखाद्या लेखावरून वाद झाला तर सही कोणाची आणि बोलायचं कोणाशी, हे आधीच माहीत असलेलं बरं.

जाता जाता एक सांगते, कारण मला ते वाचून फार बळ आलं होतं. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' उभी केली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा होत्या, त्यांत निबंध वाचले जात, आणि याच मंडळींनी मुलींच्या शाळाही चालवल्या. मराठी शाखेकडून मासिकही निघत असे. विशीतल्या मुलांनी आपल्या भाषेत लिहून ते लोकांपुढे ठेवायचं, ही आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांची रीत आहे.

३. पहिलं काम मागायचं ते प्रूफाचं

प्रूफ म्हणजे छापण्याआधी चुका तपासण्यासाठी काढलेली कच्ची प्रत. नवी मुलं थेट लेख घेऊन जातात. लेख ठेवून घेतात, 'बघतो' म्हणतात, आणि मग महिनाभर काही कळत नाही. त्याऐवजी लेख द्याच, पण सोबत म्हणा, "सर, प्रूफं तपासायला कोणी हवं असेल तर मी येईन." हे वाक्य ऐकून नको म्हणणारे प्राध्यापक मी पाहिलेले नाहीत. डिसेंबर-जानेवारीत दोनशे पानांचा गठ्ठा टेबलावर असतो आणि तपासणारे दोघेच असतात.

प्रूफाला बसलं की सगळा अंक तुमच्या डोळ्यांखालून जातो. कोण कसं लिहितं ते कळतं. कोणतं पान रिकामं राहतंय, कोणाचा लेख आलेला नाही, हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी समजतं. माझा पहिला लेख असाच लागला. दीड पान रिकामं होतं आणि मी तिथेच बसलेली होते.

तयारी काय हवी? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम वाचा. १९६२ साली चौदा नियम झाले, १९७२ मध्ये चार वाढले, असे अठराच आहेत. तासाभरात वाचून होतात. त्यातला रोज लागणारा एक इथे उदाहरण म्हणून देते. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो: कवी, गुरू, प्रतिनिधी. पण तोच संस्कृत शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: कविसंमेलन, गुरुपौर्णिमा, प्रतिनिधिमंडळ. म्हणूनच 'भित्तिपत्रक' मधला 'त्ति' ऱ्हस्व. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप दिसायला लागतात.

तपासताना लाल पेन वापरा. चूक मजकुरात गोल करा आणि दुरुस्ती समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, लिहा, कारण डीटीपी (संगणकावर मजकूर लावायचं काम) करणारे दादा समास बघत खाली येतात, ओळी वाचत नाहीत. आणि दुसरं प्रूफ आलं की पहिलं शेजारी ठेवून प्रत्येक दुरुस्ती खरंच झाली का ते बघा. एक दुरुस्त करताना शेजारचा शब्द मोडतो, असं नेहमी होतं.

माणसांची नावं, आडनावं, वर्ग आणि फोटोखालच्या ओळी मात्र तीन-तीनदा तपासा. लेखातली वेलांटी चुकली तर वाचणारा पुढे जातो. ज्याचं नाव चुकलं त्याला तो अंक घरी दाखवता येत नाही.

४. अर्ज, कागदपत्रं, साधनं

संपादक मंडळाची निवड साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये होते. काही ठिकाणी सूचना लागते, काही ठिकाणी विभागप्रमुख नावं सुचवतात. सूचनेची वाट न बघता अर्ज देऊन ठेवा. अर्ज चार ओळींचा पुरतो:

'मा. प्राचार्य यांस, मी प्रथम वर्ष कला (तुकडी ब) मध्ये शिकत आहे. यंदाच्या वार्षिकांकासाठी मुद्रितशोधन आणि मुलाखती या कामांत मदत करण्याची माझी इच्छा आहे. आठवड्यातून चार तास मी देऊ शकेन. लेखनाचे दोन नमुने सोबत जोडले आहेत. आपली विश्वासू...'

तासांचा आकडा लिहाच. 'मला आवड आहे' असं सगळेच लिहितात. चार तास लिहिणाऱ्याचा अर्ज बाजूला काढून ठेवला जातो.

सोबत लागणाऱ्या गोष्टी:

- ओळखपत्राची आणि चालू वर्षाच्या फी पावतीची प्रत
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो (अंकात संपादक मंडळाच्या पानासाठी मागतात)
- लेखनाचे दोन नमुने, प्रत्येकी पाचशे शब्दांच्या आत. एक तरी कवितेखेरीज असावा
- रेडिओसाठी अर्ज असेल तर दोन मिनिटांचा आवाजाचा नमुना. मराठीत वाचलेला एक उतारा आणि न वाचता बोललेलं थोडं, असं दोन्ही
- वही आणि पेन. फोन बंद पडतो, वही पडत नाही
- फोनवर मराठी कीबोर्ड. संगणकावर बसणार असाल तर इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची कळमांडणी) शिका, पंधरा दिवसांत हात बसतो
- ऑडॅसिटी हे ध्वनिसंकलनाचं मोफत सॉफ्टवेअर, आणि साधा वायरचा हेडफोन

कॅमेरा, महागडा माइक, लॅपटॉप यांच्यासाठी घरी पैसे मागू नका. पहिली दोन वर्षं मी फोन आणि ग्रंथालयातल्या संगणकावर काढली.

५. पहिली बातमी किंवा मुलाखत

माझी पहिली बातमी भित्तिपत्रकासाठी होती. मथळा मोठ्या अक्षरांत लिहिला: 'मुलींच्या वसतिगृहात पाणी येत नाही'. दुसऱ्या दिवशी रेक्टर मॅडमनी बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "येत नाही म्हणजे? रोज येतं." ते खरं होतं. पाणी येत होतं, पण पहाटे आणि थोडाच वेळ. मी चिडून लिहिलं होतं, मोजलं नव्हतं. पत्रक उतरवावं लागलं.

मग आम्ही तिघींनी सात दिवस वहीत नोंद ठेवली. नळ कधी सुरू झाला, कधी बंद झाला, त्या वेळी रांगेत किती जणी होत्या. सातपैकी पाच दिवस पाणी साडेपाचला आलं आणि सव्वासहाच्या आत गेलं. दुसऱ्या मजल्यावर दोन दिवस चढलंच नाही. हे जसंच्या तसं लिहिलं, खाली रेक्टर मॅडमचं म्हणणं दिलं: टाकी जुनी आहे, नव्या टाकीचा प्रस्ताव पाठवला आहे. या वेळी पत्रक कोणी उतरवलं नाही. उलट मॅडमनीच त्याची प्रत प्रस्तावाला जोडायला मागून घेतली.

म्हणून लिहायच्या आधी हे करा.

मोजता येईल ते मोजा. 'नेहमी', 'कोणीच', 'प्रचंड' हे शब्द लिहिले की थांबा आणि त्यांच्या जागी आकडा किंवा वेळ बसते का ते बघा.

ज्याच्याविरुद्ध लिहिताय त्याला छापण्याआधी विचारा आणि त्याचं उत्तर त्याच लेखात द्या. त्याने उत्तर दिलं नाही तर कधी विचारलं होतं ते लिहा.

कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. विद्यापीठं आणि अनुदानित महाविद्यालयं २००५ च्या कायद्याच्या कक्षेत येतात. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात करायचा, एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण दीडशे शब्दांत. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. उत्तराची मुदत ३० दिवस. 'वसतिगृहाची दुरुस्ती का होत नाही?' असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. 'अमुक दोन वर्षांत वसतिगृहाच्या दुरुस्तीवर झालेल्या खर्चाच्या बिलांच्या प्रती' असं मागा. पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. आणि अर्ज केल्याचं आधी मार्गदर्शक प्राध्यापकांच्या कानावर घाला, त्यांना ते दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

मुलाखत घेणार असाल तर मोठ्या पाहुण्यांच्या मागे लागण्याआधी आवारातल्या माणसांकडे जा. मेसच्या मावशी, प्रयोगशाळेतले मामा, तीस वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवणारे काका. मी मेसच्या मावशींना विचारलं होतं, "मावशी, रोज किती पोळ्या?" त्या म्हणाल्या, "पोळ्या नाही मोजत गं, परात मोजते. सकाळच्या चार, संध्याकाळच्या तीन." माझ्या सगळ्या लेखात हे एक वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं. त्यांच्याशी 'अहो-जाहो'नेच बोला, मुलाखत कशासाठी आहे ते आधी सांगा, आणि लिहून झालं की त्यांना वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हे केलंच पाहिजे.

६. रेडिओवर जाणार असाल तर

कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय घडामोडींचे कार्यक्रम करता येत नाहीत. नवीन मुलं इथे हमखास हिरमुसतात. पण सांस्कृतिक कार्यक्रम, खेळ, वाहतूक, हवामान, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या संधी, पाणी-विजेच्या सूचना, आरोग्याचे इशारे, हे सगळं बातम्यांत धरलं जात नाही. म्हणजे परिसराला रोज ज्याची गरज असते ते जवळजवळ सगळं करता येतं. प्रक्षेपण केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा नियम आहे. त्यामुळे फाइलला नाव देताना तारीख, कार्यक्रम आणि आपलं नाव लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

केंद्रावर जाऊन कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा आणि माइकचं काम मागण्याआधी संकलनाला बसू द्या म्हणा. प्रूफासारखंच आहे हे. दुसऱ्यांचे तास-तासाचे आवाज कापले की स्वतः कसं बोलू नये ते आपोआप कळतं.

लिहिताना कानासाठी लिहा. 'उपरोक्त', 'सदर', 'खालीलप्रमाणे' हे शब्द कानाला काहीच सांगत नाहीत. वाक्य एका श्वासात संपायला हवं. लिहून झालं की मोठ्याने वाचा. जिथे अडखळलात तिथलं वाक्य तोडा.

ध्वनिमुद्रणात मी केलेली चूक तुम्ही करू नका. एका निवृत्त एसटी वाहकांची पन्नास मिनिटांची मुलाखत घेतली. घाटात बंद पडलेल्या गाडीतल्या बाळंतिणीची गोष्ट त्यांनी इतकी सुंदर सांगितली, की माझे डोळे भरून आले. घरी येऊन ऐकलं तर वर पंख्याचा घरघराट आणि मध्येच माझ्या फोनची थरथर. काही केल्या ते निघालं नाही. पुन्हा गेले तेव्हा त्यांनी तीच गोष्ट चार वाक्यांत उरकली. मनापासून सांगितलेली गोष्ट माणूस दुसऱ्यांदा तशी सांगत नाही. तेव्हापासून क्रम ठरलेला: पंखा बंद, खिडकी बंद, फोन विमान मोडवर, हेडफोन कानाला, अर्धा मिनिट मुद्रण करून ऐकायचं, मग पहिला प्रश्न. शेवटी तीस सेकंद कोणी न बोलता खोलीचा नुसता आवाज घ्यायचा. संकलन करताना जोडाला तो उपयोगी पडतो.

सिनेमातली गाणी पार्श्वभूमीला लावू नका. स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. मित्राची पेटी, मैत्रिणीचा तबला मुद्रित करून घ्या.

७. छपाई: इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात

मुलं मजकूर फोनवर युनिकोडमध्ये (कोणत्याही फोनवर, संगणकावर तीच अक्षरं दिसतात ती पद्धत) लिहितात. अनेक छापखान्यांत अजूनही जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. मधे मजकूर रूपांतरित होतो आणि तिथे जोडाक्षरं मोडतात. आमच्या अंकात एका मुलीची सह्याद्रीवरची कविता होती. तिने लिहिलं होतं, 'दऱ्यांत उतरलं धुकं'. छापून आलं, 'दर्यांत उतरलं धुकं'. एका रफाराने दऱ्यांचा समुद्र झाला. तिच्या गावापासून समुद्र दीडशे किलोमीटरवर. तिने मला काही म्हटलं नाही, पण तो अंक तिने घरी नेला नाही हे मला माहीत आहे, आणि ते पान मीच तपासलं होतं.

म्हणून रूपांतर झाल्यावर 'ऱ्या', 'ऱ्हा', रफार, 'क्ष', 'ज्ञ', 'द्य', 'श्र' ही अक्षरं शोधून शोधून बघा. पुऱ्या, वाऱ्या, विद्यार्थी, कार्यक्रम असे दहा शब्द कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक लेखात तेच तपासा. शक्य असेल तर सगळा अंक युनिकोडमध्येच मांडा म्हणून आग्रह धरा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत आहेत. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचा ल आणि श येतो का, तेही बघा.

बाकीचं थोडक्यात. पुस्तकाची छपाई फर्म्यांत होते (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं), फर्मा बहुधा १६ पानांचा, म्हणून एकूण पानं १६ किंवा निदान ८ ने भागली जातील अशी ठेवा, नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे जातात. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की त्यांचा आकार घटतो आणि छापल्यावर ते फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तीन छापखान्यांची दरपत्रकं लेखी घ्या आणि त्यात कागदाचा प्रकार, जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप), रंगीत पानं, बांधणी आणि तारीख सगळं लिहून घ्या. छापायला देण्याआधी शेवटच्या पीडीएफची कागदावर प्रत काढा आणि प्रत्येक पानावर कोणीतरी सही करा. पडद्यावर पाहून मंजुरी देऊ नका.

८. 'हे छापू नका' असं म्हटलं तर

म्हणतील. दरवर्षी एकदा तरी म्हणतात. अशा वेळी आधी शांतपणे विचारा: नेमकं कोणतं वाक्य? बऱ्याचदा सगळ्या लेखाला विरोध नसतो, एखाद्या विशेषणाला असतो. विशेषण काढा, आकडा ठेवा. तथ्य काढायला सांगितलं तर कारण लेखी मागा आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना सोबत घेऊन प्राचार्यांना भेटा. एकटे जाऊ नका, आणि तोच मजकूर त्याच रात्री रागाने ऑनलाइन टाकू नका. महाविद्यालयाचं नाव लावून टाकलात तर मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि शिस्तीची चर्चा सुरू होते.

काही गोष्टींत मात्र संपादक मंडळाने स्वतःहून थांबलं पाहिजे. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड होईल असं काहीही छापणं गुन्हा आहे (भारतीय न्याय संहिता, कलम ७२). नाव न देता वर्ग, गाव आणि वसतिगृहाची खोली दिली तरी ओळख पटतेच. बदनामीचं कलम ३५६ आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेऐवजी ही संहिता लागू झाली, त्यामुळे जुन्या पुस्तकांत कलमांचे आकडे वेगळे दिसतील. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. आवडती कविता आहे म्हणून ती अख्खी छापता येत नाही. आणि दुसऱ्याची कविता आपल्या नावावर देणारी मुलं प्रत्येक अंकात सापडतात. प्रत्येक कवितेची एक ओळ इंटरनेटवर शोधून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

वार्षिकांकाऐवजी नियमित निघणारं, बातम्या देणारं छापील पत्र सुरू करायचं मनात असेल, तर नोंदणीचा विषय आधी प्राचार्यांशी बोला. १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे.

९. अंक आल्यावर

पहिल्या प्रती ज्यांच्यावर लिहिलं त्यांना स्वतः नेऊन द्या. मावशींना, काकांना, रेक्टर मॅडमना. दोन प्रती ग्रंथालयात नोंद करून द्या, कारण पाच वर्षांनी कोणीतरी नवखी मुलगी तिथे बसणार आहे.

आणि एक पेटी किंवा एक ड्राइव्ह पुढच्या वर्षासाठी तयार ठेवा: सगळ्या लेखांच्या मूळ फाइली, वापरलेले फॉन्ट, शेवटची पीडीएफ, छापखान्याचं दरपत्रक, खात्यांचे पासवर्ड, न छापलेल्या लेखांची यादी, आणि कोणत्या महिन्यात काय अडलं याचं एक पान. तिसऱ्या वर्षाच्या मुलांची परीक्षा सुरू व्हायच्या आत हे पहिल्या वर्षातल्या कोणाच्या तरी हाती द्या. परीक्षा संपली की माणसं गावी जातात, नंबर बदलतात, आणि जूनमध्ये नव्या मंडळाला मांडणीची मूळ फाइलसुद्धा मिळत नाही.